पायातला काळा दोरा

"बघ, बोट तरी जातंय का आत?" जनीने संदेशचा पाय उचलून नवऱ्याच्या तोंडापुढे धरला. घोट्यावरचा काळा दोरा मांसात रुतून बसला होता. "दिवाळीला बांधला तवा गळून पडत व्हता. आता बघ कसा घट झालाय!"

बारकू ओट्यावर बसून राखुंडीने दात घासत होता. त्याने बोट घालून पाहिलं. नाही गेलं.

"आज म्हशाला नेते याला. मंडपात बसवते," जनी म्हणाली.

"कशाला गो? लोकं हसतील."

"हसायची ती मागल्या साली हसली. आता माझी पाळी."

मागल्या सालचं जनी विसरेल तर शपथ! म्हशाच्या जत्रेत सरकारी दवाखान्याचा मंडप लागला होता. सुदृढ बालकांची स्पर्धा होती. धाकटी जाऊ संजीवनी, तिच्या अमोलचा पहिला नंबर आला. झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला, डॉक्टरांबरोबर फोटो निघाला. जनी तिथेच संदेशला कडेवर घेऊन उभी होती. दोघी जावांची पोरं एकाच पावसाळ्यात जन्मलेली. तेवढ्यात शेजारच्या बाईने विचारलं, "हा आजारी हाय का गो?" बाजूच्या बाया फिसकन हसल्या. जनीने पोराच्या बरगड्यांवर पदर ओढला आणि चालू लागली.

घर एकच. मधे एक कुडाची भिंत आणि दोन चुली. जमिनीचे तुकडेसुद्धा सारखेच वाटलेले. पण धाकटा भाऊ शेखर मुरबाडच्या कंपनीत पर्मनंट लागला होता. त्याच्या चुलीवर रोज दूध तापायचं, अंडी उकडायची. बारकूचं मात्र भात झोडून झालं की बिऱ्हाड उचलायचं आणि वीटभट्टी गाठायची. कुणी कुणाचं काही बुडवलेलं नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. भांडायला एखादं कारण मिळालं असतं तर जनी कडाकडा भांडून मोकळी झाली असती. आता नुसती मनात जळायची. संजीवनीने तो डबा फळीवर अगदी दारासमोर मांडलेला. पाण्याला जाता-येता जनीची नजर नेमकी त्याच्यावरच पडायची. रांडेला दुसरी जागा मिळत नव्हती का ठेवायला?

बरं, संजीवनी वाईट असती तरी चाललं असतं. पण ती चांगली होती! दिवाळीला वाटीत उकडलेली अंडी घेऊन आली. म्हणाली, "जाऊबाय, संदेशला घाला. आता तुमाला दिस गेलेत, अंगावरचं दूध पुरत नसंल."

"आमच्या पोराला अंडी पचत नाय," जनीने वाटी तशीच परत दिली. जाऊ गेल्यावर पोराकडे पाहिलं, तर ते दाराकडे बघत तोंड हलवत होतं. जनीने त्याला पेज पाजली. आणि त्याच संध्याकाळी त्याच्या पायात काळा दोरा बांधला. असल्या गोड बोलणाऱ्या बाईचीच नजर लागते, असं तिला अगदी आतून वाटलं.

भट्टीवर भात आणि मिरचीची चटणी. पोर आधी अजूनच वाळलं. पण थंडी पडली आणि काय चमत्कार! संदेशने अंग धरलं. गाल फुगले, पाय जाड झाले, दोरा घट्ट बसला. केस शहरातल्या पोरांसारखे भुरे झाले. रडणंसुद्धा थांबलं. ठेवावं तिथे बसायचा, खेळायचा नाही, मागायचा नाही. जनीला वाटलं, पोर शहाणं झालं. जत्रेचं निमित्त काढून तिने बारकूला भट्टीवरून घरी आणलं ते उगीच नाही.

संदेशला धुतलेला सदरा घालून ती निघाली, तर संजीवनी अंगणात उभी. तिने पोराकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"जाऊबाय, याचं तोंड सुजल्यासारखं दिसतंय."

"सुजल्यासारखं?" जनीचा आवाज चढला. "तुझा पोरगा तो गुबगुबीत, आन् माझा सुजलेला व्हय?"

"तसं नाय वो. त्यो दोरा तरी तोडा. किती रुतलाय बघा."

"तुझ्यासाठीच बांधलाय त्यो!"

बोलून गेली खरी. संजीवनीचं तोंड उतरलं. ती आत गेली. जनीला क्षणभर कसंसंच झालं, पण जीप येईपर्यंत ते निघूनही गेलं. जळते आता, बरं झालं, जळू दे, असं मनात म्हणत ती जीपमध्ये चढली.

म्हशाला बैलांची, घोंगडीवाल्यांची ही गर्दी. बारकू बैल बघायला गेला. जनीने मंडप गाठला. उपकेंद्राची नर्स गीताबाई वजनकाट्याशी होती. गावोगाव हिंडणारी, तोंडाची फटकळ, सगळ्यांना नावानिशी ओळखणारी. संदेशला झोळीत घालून काट्याला लटकवलं. काटा सरसर पुढे सरकला.

"भरलं ना वजन?" जनीने वळून मागे पाहिलं. संजीवनी अमोलला घेऊन मंडपाच्या दाराशी येऊन उभी होती. सकाळचं एवढं ऐकूनसुद्धा मागोमाग आली होती. बघ म्हणावं, डोळे भरून बघ! जनीचा ऊर असा भरून आला की वर्षाचं सगळं उणं तिथल्या तिथे फिटलं.

गीताबाई मात्र काटा बघतच नव्हती. तिने पोराला मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला, पाऊल हातात घेऊन त्यावर अंगठा दाबून धरला. मग अंगठा उचलला. मळलेल्या पिठात पडावा तसा खड्डा तिथे पडला होता. तो भरेना.

तिने कात्री घेतली आणि दोरा कापला. दोरा खाली पडला, पण घोट्याभोवतीचा चर तसाच राहिला.

"जने, हे बाळसं नाही गं. हे पाणी आहे. पोराला पोटभर कसदार खायला मिळालं नाही, म्हणून अंगात पाणी भरलंय. आत्ताच्या आत्ता मुरबाडला न्यायला पाहिजे. उशीर केलास तर हाताला लागायचा नाही."



"पण बाय, वजन भरलं की," जनी म्हणाली. "मग नंबर?"

कुणी हसलं नाही. मागल्या साली हसलेल्या बायासुद्धा नाही. संजीवनी पुढे आली. तिने अमोलला ओळखीच्या बाईकडे सोपवलं, संदेशला उचललं आणि दुसऱ्या हाताने जनीचं मनगट धरून जीपकडे निघाली. वाटेत ती टोचून बोलेल म्हणून जनी वाट बघत होती. ती एका शब्दाने बोलली नाही, आणि त्यानेच जनीला जास्त रडू आलं.

दवाखान्यात औषध सुरू झालं. थोडं थोडं दूध सुरू झालं. पोराचं वजन उतरू लागलं. काटा मागे सरकला की जनीचा जीव जायचा. तिथली नर्स म्हणायची, "उतरू दे, उतरू दे, पाणी जातंय." आयुष्यात पहिल्यांदाच जनी पोराचं वजन कमी व्हावं म्हणून देवाला हात जोडत होती. पाणी गेलं आणि खाली जे उरलं ते मागल्या सालच्यापेक्षाही बारीक निघालं. ते बघून ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग एका सकाळी संदेश शेजारच्या खाटेवरच्या पोराचं बिस्कीट बघून रडला. चांगला भोकाड पसरून रडला! जनी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्याच दुपारी संजीवनी आली. हातात डबा. तोच, बक्षिसाचा. आत उकडलेली अंडी होती. जनीने डबा घेतला, अंडं सोललं, कुस्करलं आणि बोटाने पोराला भरवलं. ते पचलं.

अमोल खाटेवर चढून उड्या मारत होता. त्याच्या पोटऱ्या घट्ट, तुकतुकीत. इकडे संदेशच्या काड्या. जनीने पाहिलं आणि काळजात तीच जुनी कळ उठली. गेली नव्हती. एवढं सगळं होऊनही मेली गेली नव्हती. आता तरी जायला नको का? जनीला स्वतःचीच भीती वाटली.

बारकूने जत्रेतून संदेशसाठी नवा काळा दोरा आणून उशाखाली ठेवला होता. जनीने तो काढला आणि अमोलला जवळ ओढलं.

"याला कशाला वो जाऊबाय?"

"बांधू दे गो. माझ्या नजरेचा भरवसा नाय."

 संजीवनीने अमोलचं पाऊल धरून ठेवलं. जनीने दोरा बांधला, गाठ मारली, आणि बोट आत घालून पाहिलं. सहज गेलं.