मागे येणारं रक्त

फाल्गुनातल्या दुपारी कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास खिडकीतून आत आला की मला सुषमाची वाकलेली मान दिसते. अमरावतीच्या आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माशांच्या टाकीतली हवा बुडबुडत असायची, आणि सूक्ष्मदर्शकाचा उजेड खालून वर चढून तिच्या पापण्यांवर थांबायचा. ती दर्यापूरची, मी तिवस्याची. दोघींच्याही घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. म्हणूनच कदाचित तिचा हेवा मला इतक्या जवळून करता आला.

झेब्रामाशाचं भ्रूण काचेसारखं पारदर्शक असतं. त्याचं हृदय धडधडताना उघड दिसतं. त्या हृदयात झडप कशी घडू लागते, हे जिवंत भ्रूणात जी ओळखून दाखवेल तिला आमच्या प्राध्यापक मॅडम उन्हाळ्यात पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार होत्या. जागा एकच होती.

सुषमानं खराट्याच्या काडीला आपल्याच वेणीतला केस चिकटवला होता. झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसं ती त्या केसानं भ्रूण वळवायची. माझ्या सुईखाली भ्रूणं मलूल व्हायची. मग मीही तशी काडी केली, केसही माझाच लावला. पण तिच्या हातातला तो धीर काही मला चिकटवता आला नाही.

हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या चिंचोळ्या जागेत मी उघडणारं-मिटणारं दार शोधत बसले होते. एकदा माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, "काहून वं, दरवाजा शोधून राह्यली का? थो अजून झालाच नाही. रक्त मांगं येते, थे पाय आधी."

मी पाहिलं. पुढे गेलेले रक्ताचे कण जरासे मागे येत होते. त्याच उलट्या धक्क्यांनी तिथल्या पेशी जाड होत जातात आणि पुढे त्यांच्याच झडपेच्या पाकळ्या होतात, हे मी वाचलेलं होतं. दिसलं मात्र तेव्हा. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, आणि ते तिनं दाखवावं याचा मला राग आला.

पुण्याला तीच गेली. बडनेऱ्याच्या स्टेशनावर तिला गाडीत बसवताना मी हसत होते, आणि त्या हसण्यानं गाल दुखत होते.

उन्हाळा सरला तरी ती तिकडेच राहिली. आता सूक्ष्मदर्शक दिवसभर माझाच असतो. झडप ओळखता येते, तिचं चित्रही नीट काढता येतं. पण कुणापेक्षा नीट, ते कळायला शेजारच्या स्टुलावर कुणी नाही. माणूस दूर गेलं की हेवा सरत असेल, असं मला वाटायचं. तो सरत नाही. काळ त्यातलं 'माझ्यापेक्षा' तेवढं पुसत नेतो, आणि मागे जे राहतं त्याला आठवण म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.