ऑयगेनची पाटी

"बादली माझ्याकडे दे. तुझे गुडघे आधीच कुरकुरताहेत," मी म्हटलं.

"हळू बोल गं, कुणी ऐकेल!" हानेलोरे कुजबुजली.

कुणी ऐकेल म्हणे! स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यात माझी थोरली बहीण चोरासारखी शिरत होती. हातात झाडू, खांद्यावर फडकं. आणि मी मागून बादली घेऊन, चोराची साथीदार.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं घर भाड्याने देऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या तळमजल्यावरच्या घरी राहायला आली. जन्मभर टपाल कचेरीत पत्रं वेगळी करणारी बाई, घरमालकीण पहिल्यांदाच झाली होती. घर बघायला बरेच जण आले. सगळ्यांनी नळ सोडून पाहिले. बेकरीत काम करणाऱ्या वीबकेने मात्र विचारलं, "तुम्ही कुठल्या खिडकीत बसायचात?" झालं, तिलाच घर मिळालं.

वीबके जर्मनीच्या उत्तरेकडची, ब्रेमेनची. आमच्या श्टुटगार्टातली रीत तिला काय ठाऊक! इथे जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराची असते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. शनिवारी झाडून पुसून पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. या इमारतीतली पाटी हानेलोरेच्या नवऱ्याने, आता हयात नसलेल्या ऑयगेनने बनवली होती. अक्षर एक नाही, पुढे नुसता झाडू कोरलेला आणि मागे त्याचं नाव, ऑयगेन बॉयर्ले. पाटी ज्याच्याकडे, काम त्याचं. यावर आमच्याकडे वाद होत नाही.

वीबके राहायला आली तेव्हा पाटी तिच्या दाराला होती. दुसऱ्या दिवशी पाटी नाहीशी झाली. पाटी नाही म्हणून बाकी कुणीही झाडूला हात लावेना. पहिल्या मजल्यावरच्या क्नोडलरबाईंचा फोन आला, तेव्हा हानेलोरे म्हणाली, "सांगते हो तिला." सांगितलं कुठलं! तेव्हापासून दर शनिवारी, वीबके कामावर असताना, ही बाई दोन ट्राम बदलून गुपचूप जिना पुसायला येत होती.

"अगं, सरळ बोल ना तिच्याशी," मी कितीदा म्हटलं.

"आणि ती सोडून गेली तर? मला नाही रागावता येत, गुद्रुन."

शेवटी क्नोडलरबाईंनी हानेलोरेला जिन्यात पकडलंच. "बॉयर्लेबाई, मालकिणीने राबायचं आणि भाडेकरणीने ऐटीत राहायचं? इमारतीच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढणार. ही मुलगी इथे नको." त्या रात्री हानेलोरे जेवली नाही. म्हणून आज मी सोबत आले होते.

दुसऱ्या मजल्यावर तिचा गुडघा अडकला. ती मटकन पायरीवर बसली, मी तिला धरायला वळले आणि बादली कलंडली. पाणी खळाळत खाली निघालं. वरचं दार उघडलं आणि वीबके धावत आली. तिला आज सुट्टी होती.

"बॉयर्लेबाई! तुम्ही? हे काय?"

हानेलोरेने मान खाली घातली. मीच म्हटलं, "ही जिना पुसतेय. दर शनिवारी पुसते. तुझ्या वाटचा."

"माझ्या? मला वाटलं, कुणी कामवाल्या बाई येतात!"

"त्या बाई ह्याच. पाटी कुठेय?"

"ती झाडूची?" वीबके गोंधळली. "मागे तुमच्या मिस्टरांचं नाव दिसलं. वाटलं, घाईत राहून गेली. बाहेर कुणी नेली तर, म्हणून आत लावली. तुमच्या खिडकीशी."

हानेलोरेला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"पाणी माझ्या दारात!" क्नोडलरबाई खालून ओरडल्या.

"आले!" वीबकेने बाह्या सरसावल्या. "चूक माझी, बाई. पाटी अजून माझ्याकडेच आहे ना? मग मीच पुसणार."

तिने वरपासून तळघरापर्यंत सगळा जिना पुसला, कोपऱ्यांसकट. क्नोडलरबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

मग वीबकेने पाटी आणून हानेलोरेच्या हातात दिली. तिने ऑयगेनच्या नावावरून अंगठा फिरवला आणि पाटी परत केली. "तूच लाव. रीत तशीच आहे."

पाटी क्नोडलरबाईंच्या दाराला लागली. आम्ही दोघी बहिणी वीबकेच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसलो. हानेलोरे तिच्या जुन्या खिडकीत, पाहुणीसारखी कडेला टेकून. शेजारी पाटीचा खिळा रिकामा होता.

"किती बरं वाटलं सांगू, गुद्रुन," ती हळूच म्हणाली. "मी बसलेली आणि दुसरं कुणी माझ्यासाठी जिना पुसतंय. देव भलं करो या पोरीचं."

कॉफी संपल्यावर मी कोट घातला. "चल, निघू या."

"थांब गं," ती म्हणाली. "तिचा जिना वाळू दे."