साडेपंधराची कॉलर

मुलगा हाताबाहेर गेला नव्हता, हीच तर म्हातारीची तक्रार होती. गेला असता तर कान धरून परत आणला असता. पण हा धड आत नाही, धड बाहेर नाही. उंबऱ्यावरच बैठक मारलेली.

"बघ गं तुझ्या नवऱ्याचं कर्तृत्व!" तिनं सुनेपुढं कॉलर नाचवली. "गिऱ्हाइकाचा गळा पंधरा. ह्यानं एक रेघ मारली पंधरावर, दुसरी सोळावर. का? तर असू दे म्हणून! आणि कात्री चालवली दोन्हींच्या मधून. आता ही ना पंधराच्या गळ्याला, ना सोळाच्या!"

शिवणाचं दुकान नवरा गेल्यापासून तिनंच ओढलं होतं. तिची अक्षरओळख टेपवरच्या आकड्यांपुरती. पण एकदा मारलेली रेघ तिनं कधी पुसली नव्हती. मुलगा कापड बेतायचा, सून काजं-बटणं करायची. सुनेला सातवा महिना होता. मागच्या वर्षीचं बाळ पोटातच गेलं, आणि तेव्हापासून मुलाच्या रेघा दोन-दोन व्हायला लागल्या.

"आणि बोटाला काय झालंय रे? पंधरा दिवस चिंधी बांधून हिंडतोयस."

"कात्री लागली, आई."

"दाखव."

तिनं चिंधी ओढली. जखम कसली, काळ्या खड्याची अंगठी! बाजारातल्या हात बघणाऱ्याची.

"रविवारी चर्चमध्ये डोळे मिटायचे आणि बुधवारी त्याच्यापुढं हात पसरायचा?"

"प्रभूवर विश्वास आहे गं माझा," तो खाली बघत म्हणाला. "पण बाळासाठी... असू दे म्हणून."

"असू दे! प्रभू काय अस्तर आहे, वर दुसरं कापड लावायला?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मुलगा मात्र चिडला. "मग तू गं? चार महिने झाले, मलमल कपाटावर पडलीये. गावभरच्या लेकरांना झबली शिवलीस. आमच्या बाळाला एक तरी कापलंस का?"

म्हातारीची नजर कपाटावर गेली. 'आलं की शिवू' असं ती साऱ्यांना सांगत होती. मागच्या वर्षी हौसेनं शिवलेली सहा झबली ट्रंकेच्या तळाशी होती. सकाळ-संध्याकाळ ती ह्या बाळासाठी गुडघे टेकत होती. कात्रीला मात्र हात लावत नव्हती. लेकाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाली, आणि स्वतःच्या डोळ्यात हे एवढं मुसळ!

ती स्टुलावर चढली. कापड काढलं, झटकलं, टेबलावर पसरलं. खडू टेकवला, पण ओढला नाही. अर्धा इंच जास्त धरावा का? शेजारी आणखी एक रेघ असावी का? तिनं डोळे मिटले.

"प्रभू, हे लेकरू तुझं. माझ्या मांडीवर आलं तरी तुझं, नाही आलं तरी तुझंच."

मग तिनं एकच रेघ ओढली आणि कात्री चालवली. पलीकडून मुलानं कापड ताणून धरलं होतं, कधी धरलं ते तिला कळलंही नाही. झबलं बेतून झालं तेव्हा त्यानं अंगठी उपसायला घेतली, ती निघेना. सुनेनं साबण आणला. बोट लालबुंद झालं, पण निघाली. त्यानं ती मोडक्या सुयांच्या डब्यात टाकली.

"आई," तो हळूच म्हणाला, "भीती काही गेली नाही गं."

म्हातारीनं कॉलर उचलून त्याच्या हातात कोंबली.

"कोण म्हणतंय गेली म्हणून? मीही भितेय. भी खुशाल, पण भीत भीत का होईना, रेघ एकच मार. आणि ही साडेपंधराची फेकायची नाही, कळलं? हिला शर्ट जोड आणि रविवारी तोच घालून माझ्या शेजारी बस. तुझा गळा सोळाचा. काचली, की प्रार्थनेत मन इकडंतिकडं जायचं नाही!"