धनाजीरावांचा खोकला आणि मी

मित्रांनो, लोखंडी दांडे कातून गोल करणारे मी एक जुने लेथ मशीन आहे. माझा जन्म राजकोटचा. बडोद्याच्या मकरपुऱ्यात, एका छोट्या कारखान्यात येऊन मला एकोणीस वर्षे झाली. पहिल्या दिवसापासून मला चालवले ते धनाजीरावांनी. "असं मशीन अख्ख्या मकरपुऱ्यात नाही," असे ते म्हणत, तेव्हा मी सुखावून जाई.

कातताना दांडा तापू नये म्हणून त्यावर तेल सोडतात. दांडा वेगाने फिरला की त्या तेलाचे बारीक धुके उडते. ते अडवायला माझ्यावर झाकण होते. पण उघडझाक करण्यात वेळ जातो, म्हणून सुपरवायझर विक्रमसिंहांनी यंदा ते काढून ठेवले. धुके थेट धनाजीरावांच्या नाकातोंडात जाऊ लागले.

जूनमध्ये ते खोकू लागले. डॉक्टरांचे औषध घेत, पण गुण येईना. मी सुरू झाले की त्यांची छाती वाजे. मला धास्ती वाटे. पण आपणहून थांबणे माझ्या हाती कुठे होते?

दिवाळीची सुट्टी संपवून ते परतले, ते अगदी ताजेतवाने. दुपारपर्यंत पुन्हा ढास लागली. तयार मालाची मापे तपासणाऱ्या लताताईंनी ते हेरले.

"दादा, सुट्टीत खोकला होता?"

"छे! गावी डोंगर चढून आलो की."

"मग हे तेलच छातीत जातंय तुमच्या. डॉक्टरांना कामाचं सांगितलंत?"

"नको गं. काम काढून घेतलं तर?"

चारच दिवसांनी त्यांना श्वास घेता येईना. माझा दांडा फिरत होता आणि ते त्याच्याच दिशेने झुकत होते. मी घाबरून गेले. लताताईंनी धावत येऊन माझे लाल बटण दाबले, त्यांना सावरले आणि स्वतः दवाखान्यात नेले. तिथे कामाचे सगळे त्यांनीच सांगितले. डॉक्टर म्हणाले, दमा आहे. तेलाच्या धुक्यापासून दूर राहा.

परत येताच त्या विक्रमसिंहांसमोर उभ्या राहिल्या. "विक्रमभाई, झाकण लावा. नाहीतर या मशीनवर आम्ही कुणालाच उभं राहू देणार नाही."

विक्रमसिंहांची मान खाली गेली. "सारू बेन, आजे ज लगावी दऊं."

त्याच दिवशी झाकण लागले. धुके ओढून घेणारा पंखाही बसला. धनाजीरावांना स्टोअरमध्ये काम मिळाले. पण जिना चढताना ते अजून मध्येच थांबतात.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी कारखान्यातून खोकत येत असेल, तर डॉक्टरांना आपले काम सांगायला त्यांना भाग पाडा. धनाजीरावांनी ते पाच महिने लपवले. तेवढ्या काळात त्यांचा श्वास अर्धा झाला.