बसलेली पेटी

पेटी तयार झाली आणि गौराबाईने ती पाहून तोंडाला पदर लावला. — पण हे झालेलंच नाही असं धरून चालू. अजून सकाळ आहे, आणि शिवमूर्तीच्या अंगठ्याखाली सुतळीचा एक तुकडा आहे, वीतभर आणि वर दोन बोटं, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. बंडीच्या खिशात सापडला. कुठून आला हे त्याने विचारलं नाही. खिशात सापडलेल्या वस्तूला कोणी गाव विचारत नाही. सुतळी फळीवर ताणून धरता येत होती, एवढं पुष्कळ होतं, कारण मापाचा गज आधीच चावडीवर जाऊन पडला होता. गजाला धार नव्हती, पण तो लोखंडी होता आणि लांब होता, आणि त्या उन्हाळ्यात नुसतं लांब असणं हासुद्धा गुन्ह्याच्या जवळपासच होता.

दोन दिवसांपूर्वी कोतवाल येडबाने दवंडी दिली होती — दिवस धामधुमीचे आहेत, ज्याच्या घरी धारेचं लोखंड असेल त्याने ते चावडीवर जमा करावं. कुणब्यांनी कुऱ्हाडी कडब्याच्या गंजीत घातल्या आणि निवांत झाले. सुताराला ती सोय नाही. त्याच्याकडे किती पटाशा आहेत हे गावाला त्याच्यापेक्षा जास्त पाठ. येडबा दारात येऊन बोटांवर मोजत हिशेब सांगूनच गेला — तासायचा वाकस, करवत, रंधा, गिरमिट, तीन पटाशा.

"हातोडा ठिव तुला," तो जाताना म्हणाला, "हातोड्याला धार नसती."

सरकारने हातोडा ठेवला. त्याच्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, त्याने फक्त डोकं फुटतं.

"आन् वाकसाला हाय का धार?" शिवमूर्तीने विचारलं होतं.

"न्हाई का?"

"बापाच्या हातात होती. माज्या हातात न्हाई."

येडबा हसला होता. शिवमूर्तीच्या बोलण्यावर लोक हसतात, ही त्याची फार जुनी अडचण. खरं बोललेलंही त्यांना विनोदच वाटतं... आणि हे तर अगदी खरं होतं. त्याचा बाप बसप्पा डावखुरा होता. चाळीस वर्षं त्याने डाव्या हाताने तासलं, आणि वाकसाचा दांडा त्याच्या अंगठ्याने असा खोल झिजवला की दुसरा कुठलाही अंगठा त्यात परका. मुलगा उजवा निघाला. बसप्पाच्या हातून आयुष्यात माप चुकलं ते एवढंच. जंगम स्वामी घरी आले की म्हणत, बसप्पा, ज्या तळहातावर पूजेला लिंग घेतोस त्याच हाताने लाकडं तासतोस? आणि बाप म्हणे, स्वामी, देवाला कामाचा हात दिला, रिकामा न्हाई दिला. गावात लिंगायत सुताराचं घर हे एकच. बाकी लिंगायत दुकानं चालवत, त्यामुळे परगावचे लोक दारात येऊन आधी गूळ मागत. बाप त्यांना न चिडता तिफण दाखवी.

पोत्यात भरून ठेव, असं चावडीचं म्हणणं होतं. पण पोत्यात लोखंड लोखंडाला घासतं आणि धार धारेला खाते. म्हणून पेटी. कडुलिंबाची, म्हणजे कीड लागणार नाही — जणू कोणी दहा वर्षांनी ती उघडणारच आहे. कोणी उघडणार नाही हे शिवमूर्तीला माहीत होतं. चावडीवर गेलेली वस्तू परत आली असं गावात एकदाच झालं होतं, आणि ती वस्तू म्हणजे एक आजारी रेडा होता.

दिवस चढत गेला. ज्या हत्यारांना पेटीत घालायचं त्यांच्याकडूनच पेटी करून घेणं, ह्यात काहीतरी अवघडल्यासारखं होतं. करवतीने फळ्या कापल्या आणि करवत संपली. त्याने तिला तेल पुसून भिंतीशी टेकवलं. रंधा फिरवला, रंधा संपला. सगळी हत्यारं शेवटचं काम फार मन लावून करत होती, त्याच्या हातात कधी केलं नव्हतं इतकं, आणि त्यालाही आज उजवा हात आडवा येत नव्हता. हे काय म्हणावं... माझ्याकडून पहिल्यांदा चांगलं काम होतंय, आणि तेही काम बंद करण्याचं. तळाच्या लांबीला एक सुतळी, रुंदीला एक सुतळी, उंचीला तीन. मधे फळीचं बसणं ठोकलं, बैठकीसारखं. आतल्या अंगाने एक कोनाडा कोरला, पटाशीने, सावकाश. हात आपोआप कोरत गेला आणि त्याने हाताला अडवलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा त्याची बायको गौराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आवं, ह्ये उभं कशापायी केलंव?"

"करवत लांब हाय."

"मग करवत आडवी ऱ्हात न्हाई व्हय? समद्या पेट्या आडव्या असतेत." ती वाकली. "झाकण वरून... आन् ह्यो कोनाडा कुनाला?"

"वाकसाला."

ती बराच वेळ आत बघत राहिली. "मामंजीला बसवल्यावानी केलंव की वो तुमी," ती म्हणाली, आणि तिने तोंडाला पदर लावला. ती हसतेय की काय, हे त्याला कळलं नाही. ती हसत नव्हती.

त्याने सुतळीकडे पाहिलं. वीत आणि वर दोन बोटं. पौषातली सकाळ, दारात टेकवून बसवलेला बाप, आणि स्वामी म्हणतात, मयताच्या पावलाचं माप घे, त्याच मापाने खड्डा खणायचा... शिवमूर्तीने थंडगार टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी ताणली होती, गाठी मारल्या होत्या. चौकोनी खड्डा, आत बसणं, भिंतीत कोनाडा. बाप उत्तरेला तोंड करून मांडी घालून बसला, डाव्या तळहातावर लिंग, आणि भोवती भस्म आणि माती चढत गेली — गुडघे, छाती, हनुवटी. लोक रडत होते. मी रडलो नाही. मी खड्ड्याचे कोपरे काटकोनात आहेत का ते बघत होतो, आणि एक कोपरा नव्हता, आणि ते मला चार महिने खुपत होतं.

पेटीचे चारही कोपरे काटकोनात होते. त्याने दोनदा पाहिलं.

आता काय करायचं? एक बाजू उचकटून तिथे झाकण बसवलं असतं तर ती चारचौघांसारखी आडवी पेटी झाली असती. अर्ध्या तासाचं काम. त्याने वाकस उचलला. डाव्या हातात घेतला, प्रथमच. अंगठा दांड्याच्या खळग्यात गेला आणि तिथे बरोबर बसला. एवढी वर्षं हा हात रिकामा लोंबकळत होता... एवढंच करायचं होतं? त्याला हसू यायला हवं होतं, असल्या गोष्टींवर त्याला नेहमी येतं. त्याने वाकस कोनाड्यात ठेवला, बाकीच्यांना त्याच्याभोवती बसवलं, झाकण लावलं आणि सरकारने ठेवलेल्या हातोड्याने खिळे मारले.

येडबा आला तो घाईत. "ह्ये काय, देव्हारा केलास का रं?" म्हणत त्याने पेटीला मिठी मारली आणि ती खांद्यावर घेतली — आडवी. आत काहीतरी कलंडलं. मग आणखी काहीतरी.

"उभी धर," शिवमूर्ती म्हणाला.

"उभी धरून कोन नेतंय? लोखंडाला काय कळतंय?"

तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. शिवमूर्तीला उर्दू येत नव्हती, आणि ह्या सरकारात अर्जी उर्दूतच चालते. तरी तो ओट्यावर बसून, डावा तळहात मांडीवर उताणा ठेवून, ती मनात शब्द जुळवून लिहू लागला:

अर्जी फिदवी ताबेदार शिवमूर्ती वल्द बसप्पा, पेशा सुतारकी, हल्ली मौकूफ. अर्ज करण्यास कारण की, फिदवीने आज रोजी एक नग पेटी, कडुलिंबी, बंद, चावडीवर रुजू केली आहे. सदर पेटी परत मिळावी अशी मागणी नाही. तरी मेहेरबान सरकारांनी अंमलदारांस ताकीद द्यावी की, पेटी गोदामात आडवी टाकू नये, तिच्यावर दुसरा जिन्नस रचू नये. ती बसती ठेवावी, आणि तोंड उत्तरेस करावं.