चौथं पाणी

तीस सालच्या आषाढात सलग सहा दिवस पाऊस थांबला नव्हता. पोशा भातलावणीला खाली कर्जतकडे गेला होता. मजुरीचे तांदूळ घेऊन तो चार दिवसांपूर्वीच यायचा होता, पण मधला ओढा उतरत नव्हता. डोंगरावरच्या घरात त्याची बायको चिमा, आई बायजा आणि दोन लेकरं, ठमी आणि धाकटा लडकू. नाचणी संपून दोन दिवस झाले होते. उरला होता कडूकांद.

हा कंद कच्चा खाल्ला तर घसा सुजतो, उलट्या होतात, लहान मूल दगावतंही. म्हणून पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात तासभर उकळायच्या, पाणी ओतून द्यायचं, असं तीनदा. मग मोठ्या माणसाने एक चकती खाऊन थांबायचं. घसा खवखवला नाही तरच पोरांना वाढायचं.

माळ्यावरची कोरडी लाकडं दुसऱ्या पाण्यालाच संपली. बाहेरची ओली नुसती धुमसत होती. चिमाने मग कुडाच्या भिंतीला हात घातला. लिंपणाखालच्या कारवीच्या काठ्या चुलीजवळ कोरड्या होत्या. तिसरं पाणी त्यांवर निघालं. भोकातून पाऊस आत येऊ लागला तशी पोरं सरकली.

चिमाने चकती खाल्ली. घसा खवखवला. पण पहिल्या-दुसऱ्या पाण्यानंतरही तिने भुकेपोटी एकेक चकती गिळली होती. ही खवखव आताची की मघाची, कळेना.

बायजा म्हणाली, "शिजायच्या आदीच खात सुटलीस. दे इकडं."

तिने चकती चावून गिळली. थोरली ठमी आजीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"खाजतं का, आये?" चिमाने विचारलं.

"नाय. वाढ पोरांना."

चिमाने पानं मांडली. वाढताना तिने सासूकडे पाहिलं. बायजा तोंड फिरवून पुन्हापुन्हा आवंढा गिळत होती.

"खरं सांग, आये."

बायजाने लडकूकडे पाहिलं. मग म्हणाली, "लडकू रडायचा थांबलाय गं. मला त्याचंच भ्या वाटतंय."

चिमाने पानांवरच्या चकत्या परत मडक्यात टाकल्या. राख घातली, पाणी घातलं. चार काठ्या एकदम ओढल्या तसं वरचं लिंपण सगळंच खाली आलं. तिने लडकूला सासूच्या मांडीवर दिलं.

"हलवत ऱ्हा त्याला. निजू देऊ नको."

शिंतोडे चुलीपर्यंत येत होते. भोकाला पाठ लावून ती बसली आणि मडक्यातलं पाणी कधी हलतं ते बघू लागली.