आधी लोखंडाला हात

मित्रांनो, बहरिनमध्ये बुदैयाच्या हमरस्त्यालगत, खजुराच्या बागांच्या पलीकडे एक गोदाम आहे. तिथे मोडक्या खुर्च्या, बंद पडलेली फॅक्स मशीन आणि गुंडाळून ठेवलेला एक निळा गालिचा यांच्या संगतीत मी पडून आहे. मी राउटर. नाव ऐकून नाक मुरडू नका. दिसायला मी पसरट, राखाडी, दोन्ही बाजूंना लोखंडी कान असलेली पेटी आहे. त्या कानांत स्क्रू पिळून मला रॅकमध्ये, म्हणजे उंच लोखंडी मांडणीत अडकवतात. एकेकाळी मी असा ताठ मानेने उभा होतो. आता माझ्यावर धुळीचा थर आहे आणि माझ्या वायरींच्या भोकांत एका कोळ्याने संसार थाटला आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. एका बाईने मला तपासले, पाठीवर शिक्का मारला आणि थर्मोकोलमध्ये घट्ट बसवून दिले. कौतुक वगैरे काही झाले नाही. पुढे जहाजाने, मग टेम्पोने, हिंदोळे खात १९९४ साली मी बहरिनला, मनामातल्या एका कंपनीत येऊन पोहोचलो. बंदरावर आलेला व्यापाऱ्यांचा माल सोडवून देणे हे त्या कंपनीचे काम. मनामातल्या कचेरीतून बंदरावरच्या कचेरीत आणि तिथून मुंबईत निरोप जायचे, कागद जायचे. कोणता निरोप कोणत्या वाटेने पाठवायचा, हे मी ठरवायचो. पोस्टात पत्रे वेगळी करणारा माणूस असतो ना, तेच माझे काम. फरक इतकाच की मला चहाची सुट्टी नव्हती.

मला पेटीतून बाहेर काढले ते जैनुद्दीनने. तो दापोलीकडचा. सडपातळ, कमी बोलणारा, शर्टाच्या खिशात नेहमी दोन स्क्रूड्रायव्हर. त्याला बहरिनला आणणारे हमीदसाहेबही त्याच गावचे. ते कंपनीचे मॅनेजर होते. कचेरीत जैनुद्दीन त्यांना साहेब म्हणे आणि बाहेर पडले की हमीदचाचा. तिसरा महादेव, गुहागरचा ड्रायव्हर. तो आणि जैनुद्दीन गुदैबियातल्या एकाच खोलीत आणखी चौघांबरोबर राहायचे. रोज दुपारी माझ्या खोलीत थंडगार हवेला डबा खायला दोघे यायचे, म्हणून मला त्यांच्या घरच्या सगळ्या गोष्टी ठाऊक.

जैनुद्दीनची मला हात लावण्याची एक रीत होती. माझे झाकण उघडायचे असले की तो आधी माझी वायर भिंतीतून उपटायचा. मग मनगटावर एक पट्टा बांधायचा आणि त्या पट्ट्याच्या वायरीचा चिमटा माझ्या उघड्या पत्र्याला लावायचा. पट्टा बांधण्याआधीसुद्धा रॅकच्या रंग नसलेल्या लोखंडावर तळहात टेकवायचा. महादेव त्याला चिडवायचा. पहिल्यांदा त्याने विचारले होते, की जैनुभाई, हा कुठल्या बाबाचा गंडा? जैनुद्दीनने हसत समजावले होते. आपण गालिच्यावरून चालतो, लोकरीचे कपडे घालतो, तेव्हा अंगात थोडी वीज साठते. आपल्याला ती कळतही नाही. पण आतल्या बारीक वस्तूंना तेवढी वीज पुरेशी असते. म्हणून आधी लोखंडाला हात, मग यंत्राला.

१९९५ सरता सरता कंपनीचा पसारा वाढला. नवी शाखा जोडली गेली, निरोप दुप्पट झाले. माझी मेमरी बिचारी लहान. सगळ्या वाटा लक्षात ठेवता ठेवता माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि मी मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचो. जैनुद्दीनने साहेबांना सांगितले, की याला मोठी मेमरी बसवायला हवी. साहेबांनी ती दुबईहून मागवली. त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली. यंत्र ठणठणीत चालले आणि मालकांची कुरकुर थांबली, की जैनुद्दीनच्या फॅमिली व्हिसाच्या कागदावर ते सही करणार होते.

मित्रांनो, हा व्हिसा म्हणजे काय ते नीट ऐका. जैनुद्दीनची बायको नसीमा आणि मुलगी अलिना दापोलीला होत्या. अलिनाचा जन्म झाला तेव्हा हा इथे होता. ती चालायला लागली तेव्हाही इथेच. आता ती शाळेत जायच्या वयाची झाली होती आणि बापाला ओळखायची ती फोनवरच्या आवाजावरून. ईसा टाउनच्या शाळेत एप्रिलमध्ये तिचे नाव घालायचे, गुदैबियात खुबूसवाल्याच्या, म्हणजे अरबी रोटीवाल्याच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा घ्यायची, असे सगळे ठरले होते. त्याने तिच्यासाठी लाल वॉटरबॅगसुद्धा घेतली. सहा माणसांच्या खोलीत ती ठेवायला जागा कुठे? म्हणून ती रॅकमध्ये, थेट माझ्या डोक्यावर येऊन बसली. विजेच्या यंत्रावर पाण्याची बाटली! पण ती रिकामी होती, आणि जैनुद्दीन येता-जाता तिच्याकडे बघायचा, म्हणून मी राग गिळला.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी पार्सल आले. आता कोकणातली एक रीत तुम्हाला सांगतो. गल्फहून कोणी गावी गेला की त्याची बॅग एकट्याने उघडायची नसते. सगळी आळी जमते. अत्तराची बाटली, टॉर्च, घड्याळ, जे काही निघेल ते या हातातून त्या हातात जाते. प्रत्येकाने हातात घ्यायचे, उलटसुलट करायचे, माशाल्ला म्हणायचे, पुढे द्यायचे. ज्याच्या हाती वस्तू आली नाही तो रुसतो. ही रीत कचेरीतही आली होती. नवे कॅल्क्युलेटर आले तरी ते सगळ्या टेबलांवरून फिरून यायचे.

जैनुद्दीनने खोक्यातून अंगातली वीज अडवणारी, चांदीच्या रंगाची पिशवी काढली. ती बंदच ठेवून तो आत येणार, तेवढ्यात हमीदसाहेब केबिनमधून बाहेर आले. बाहेर कोरडा, बोचरा वारा सुटला होता, म्हणून त्यांनी जाड लोकरीचा स्वेटर घातला होता. नवा निळा गालिचा नुकताच घातलेला, त्यावरून पाय घासत ते आले. मागोमाग सगळी कचेरी. साहेबांनी हात पुढे केला. म्हणाले, "बघू तरी, एवढ्या लांबून आलेली पाहुणी."

जैनुद्दीन थबकला. काचेच्या दारातून मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. "साहेब, हात लावू नका," एवढे चारच शब्द म्हणायचे होते. पण ज्यांनी बोटाला धरून परदेशात आणले, त्यांना सगळ्यांदेखत नको कसे म्हणायचे? त्याने पिशवी फाडली आणि मेमरीची ती छोटी हिरवी पट्टी साहेबांच्या तळहातावर ठेवली.

चट् असा बारीक आवाज झाला.

साहेबांनी बोटे झटकली आणि हसले. "चावली रे," म्हणाले. लोकांनाही हसू आले. मग पट्टी महादेवाकडे गेली, त्याने ती रुमालाने मायेने पुसली. तिथून हिशेबनिसाकडे, टायपिस्टकडे, आणि फिरून परत. सगळे माशाल्ला म्हणाले. जैनुद्दीन एकटाच हसला नाही. त्याला काय झाले असेल ते कळले होते. ही पट्टी परत पाठवून दुसरी मागवायला हवी, हेही कळले होते. पण मग का पाठवली, हे सांगावे लागले असते. शिवाय नवी येईपर्यंत शाळेचा एप्रिल निघून गेला असता.

शुक्रवारी सकाळी, कचेरी रिकामी असताना त्याने काम केले. आणि काय सुरेख केले म्हणून सांगू! आधी माझ्यातल्या सगळ्या नोंदींची दुसरीकडे प्रत काढून ठेवली. मग बटण बंद, वायर भिंतीतून बाहेर. माझे कान सोडवून मला अलगद टेबलावर आणले. लोखंडाला तळहात, मनगटाला पट्टा, पट्ट्याचा चिमटा माझ्या पत्र्याला. जुनी पट्टी फक्त कडांना धरून काढली आणि चांदीच्या पिशवीत ठेवली. नवी तिरकी टेकवली, हळूच उभी केली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसल्या. सुरू झाल्यावर मी नवी मेमरी मोजली, ती बरोबर भरली. जैनुद्दीनने सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र आत कुठेतरी कुसळ रुतल्यासारखे वाटत होते.

पुढचे काही आठवडे मी वाऱ्यासारखा धावलो. माझ्या पाठीवर शाबासकीच्या थापा पडल्या. साहेबांनी जैनुद्दीनला पासपोर्टच्या प्रती आणायला सांगितले. नसीमाने गावी बॅगा भरायला घेतल्या. मित्रांनो, ठिणगीने भाजलेली वस्तू लगेच मरत नाही, हेच तर वाईट. ती बरी असल्याचे सोंग आणते.

मार्च अखेरीस एका दुपारी मी कोसळलो. उठलो, पुन्हा कोसळलो. जैनुद्दीनने केबल बदलल्या, लाइन तपासली, रात्रंदिवस माझ्यापाशी बसला. कधी मी तासभर नीट चालायचो आणि त्याला वाटायचे की सापडले, तेवढ्यात पुन्हा तेच. तोवर बंदरावर कांद्याचे कंटेनर कागदांवाचून उन्हात अडकून पडले. महादेव फायली घेऊन गाडीने बंदरावर खेपा घालत होता, पण मुंबईचे कागदच येईनात. कांद्याला पाणी सुटले. शेवटी जैनुद्दीनने नवी पट्टी काढून जुनी घातली आणि मी धापा टाकत का होईना, चालू लागलो. कोण दोषी, ते सिद्ध झाले होते. कांदे मात्र फेकावे लागले.

कांदेवाल्या व्यापाऱ्याने मालकांकडे तक्रार केली. मालकांना जबाब हवा होता. हमीदसाहेबांनी माझ्या काचेच्या दारासमोरच सगळ्यांना जमवले आणि विचारले, ही मेमरी खराब कशी झाली? गालिच्यावर सगळे उभे होते, तेच सगळे. कोणी मान वर केली नाही.

जैनुद्दीन म्हणाला, "मीच बसवली होती, साहेब. जबाबदारी माझीच."

साहेबांनी एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिले. मला ते दिसले. मग त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि म्हणाले, ठीक आहे, मालकांना तसे कळवतो.

लोक पांगल्यावर महादेव आत आला. त्याला राहवत नव्हते. "जैनुभाई, तो आवाज मी पण ऐकला होता. मी पण ती रुमालानं पुसली, मला काय ठाऊक. जाऊन सांगू काय साहेबांना?"

"नको," जैनुद्दीन म्हणाला. "त्यांनी मला आणलं इथं. त्यांच्याकडे बोट दाखवू? आणि आवाज मी पण ऐकलाच होता, महादेवा. तेव्हा गप्प बसलो, आता बोलून काय? खलास झालं ते."

सही झाली नाही. चूक करणाऱ्या माणसाला सवलत कशाला, असे मालक म्हणाले, आणि साहेबांनी त्यांना उलट काही सांगितले नाही. एप्रिल आला आणि गेला. खुबूसवाल्याच्या वरच्या जागेत दुसरे कुटुंब राहायला गेले. एका दुपारी जैनुद्दीन माझ्या खोलीतूनच घरी फोनवर बोलत होता. पलीकडे अलिना असावी, कारण तो म्हणत होता, की विमान बिघडलंय बाळा, दुरुस्त झालं की बोलावतो. मला तेव्हा इतके वाईट वाटले की काय सांगू. साऱ्या जगाचे निरोप मी पोहोचवले, पण माझ्या दाराबाहेरचा एक आवाज, ज्याने सगळे बिनसले, तो कोणापर्यंत पोहोचवणे मला जमण्यासारखे नव्हते.

वर्ष संपल्यावर त्याचा करार पुढे वाढला नाही. जाताना त्याने लाल वॉटरबॅग उचलली, फडक्याने पुसली आणि बॅगेत ठेवली. मग सवयीने रॅकच्या लोखंडावर तळहात टेकवला आणि माझ्यावरून एकदा हात फिरवून तो गेला. त्याच्यानंतर आलेल्याने मला कधी पुसलेसुद्धा नाही. वेगवान नवे यंत्र आले आणि १९९९ साली मी, गालिचा आणि खुर्च्या एकाच टेम्पोतून इथे आलो. लोखंडी रॅकही आली, पण आता तिच्यात रंगाचे डबे आहेत.

माझी गोष्ट इथे संपली असती. पण गेल्या महिन्यात गोदामाचे दार उघडले आणि हमीदसाहेब आत आले. केस पांढरे, हातात काठी. कायमचे गावी निघाले होते, जुने सामान काय ठेवायचे ते सांगायला आले होते. बरोबरच्या माणसाला त्यांनी बाहेर थांबायला सांगितले. माझ्यापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला, आणि मध्येच थांबले. हात वळवून त्यांनी आधी रॅकच्या उघड्या लोखंडावर टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग मला स्पर्श केला.

मित्रांनो, म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. निदान बोटांकडे पाहिले त्या दिवसापासून.

"जैनू," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी हात लावू नका म्हणाला असतास, तर मी ऐकलं असतं रे." काठीवर भार देऊन ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "आणि मी तरी कुठं बोललो." डोळे पुसून ते बाहेर गेले आणि दाराला कुलूप लागले.

तुमच्या घरी, शाळेत माझी भावंडे असतील. त्यांना उघडण्याआधी वीज बंद करा, वायर काढा, लोखंडाला हात लावा, कडांना धरा. हे तुम्ही शिकाल, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते दुसरेच. जेव्हा तो बारीक चट् आवाज तुमच्या कानी येईल, तेव्हा तिथल्या तिथे बोला. समोर कितीही मोठा, कितीही प्रेमाचा माणूस असो, त्याचा मान राखून पण बोला. आणि तुम्ही स्वतःच तो मोठा माणूस असाल, तर दुसऱ्याने बोलण्याची वाट पाहू नका.

वीज गेली की मेमरी पुसली जाते, असे तुमचे संगणकाचे सर सांगतील. ते खरे आहे. मला वीज मिळाल्याला किती दिवस झाले कोण जाणे, बंदराची वाट कोणती आणि मुंबईची कोणती, हे आता मला सांगता यायचे नाही. पण ती वॉटरबॅग लाल होती, आणि तिच्या पट्ट्यावर अलिनाचे नाव आधीच लिहून ठेवलेले होते.